कंपनी सोडत नाही

अख्ख्या कतारमध्ये, आणि मला विचाराल तर अख्ख्या आखातात, पोकर इतकं जीव ओतून आणि इतकं वाईट खेळणारा दुसरा माणूस झाला नसेल. अल अझीझियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अंकल तिघे होते. एक केरळचे, एक गोव्याचे आणि हे वसईचे. केरळचे अंकल पार्किंगवरून भांडत, गोव्याचे अंकल कोणाशीच बोलत नसत, आणि वसईचे अंकल दर शुक्रवारी सकाळी चर्चला जाऊन येत, जेवत, दोन वाजता आपल्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमधलं जेवणाचं टेबल मधोमध ओढत, त्यावर एक जुनी हिरवी चादर घालत आणि आम्हाला फोन करून एकच शब्द सांगत, "यल्ला," म्हणजे चला. या हॉलला ते क्लब म्हणत. क्लबाचे सभासद चार. एक ते स्वतः. दुसरा मी, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारा, लातूरहून तीन वर्षांच्या कराराने कॉम्प्युटरच्या कामावर आलेला आणि करार संपून दोन वर्षं झाली तरी इथेच असलेला. तिसरे अल खोरहून पाऊण तास गाडी हाकत येणारे कोल्हापूरचे एक इंजिनियर. आणि चौथी हॉस्पिटलात काम करणारी मुंबईची एक नर्स, जिला आम्ही सगळेच सिस्टर म्हणत असू. पैसा लावून खेळणं या देशात गुन्हा, आणि अंकलच्या मते तर पाप. त्यामुळे आमच्या क्लबात रियालची नोट कधी टेबलावर आली नाही. आम्ही वाल लावून खेळायचो.

हे वालाचं जरा सांगायला हवं. अंकलची बायको, म्हणजे आंटी, वसईला राहायच्या. घरामागच्या वाडीत त्या कडवे वाल लावत आणि कोणी कतारला येणार असलं की त्याच्याबरोबर किलोभर पाठवत. अंकलना स्वयंपाकातलं फक्त ऑम्लेट येत असे. त्यामुळे वालाचे डबे साठत गेले आणि शेवटी चलन म्हणून कामी आले. एक वाल म्हणजे एक, एक राजमा म्हणजे दहा. एकदा अंकलचा एसी बंद पडला म्हणून खेळ आमच्या घरी झाला आणि डबा आमच्या ओट्यावर राहिला. माझी बायको ठाण्याची. दोह्यात कडवे वाल मिळत नाहीत म्हणून ती वर्षभर हळहळत होती. तिने डबा उघडला, देवाने ऐकलं असं समजून सगळे वाल भिजत घातले, मोड आणले, बसून एकेक सोलला आणि रविवारी झकास बिरडं केलं. वर शेजारधर्म म्हणून वाटीभर अंकलना नेऊन दिलं. तासाभराने अंकल रिकामी वाटी घेऊन खाली आले आणि म्हणाले, "अगदी आमच्याकडच्यासारखे वाल होते." बायकोने डब्याची हकीकत सांगितली. मी तोपर्यंत डोक्याला हात लावून बसलो होतो. अंकल थोडा वेळ वाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे क्लबाचा सगळा गल्ला होता तो. बरं झालं, खेळून माझ्या वाट्याला एवढा कधी आला नसता."

आणि ते खरंच होतं. आमचा खेळ नो-लिमिट. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते मधे सगळ्यांसाठी उघडे पडतात, आणि आपल्याकडे भारी पान आहे असं वाटलं, किंवा नसलं तरी समोरच्याला तसं वाटायला लावायचं असलं, की कोणत्याही क्षणी समोरचा सगळा ढीग मधे सारता येतो. पत्ते काही नसताना ढीग सारणं याला ब्लफ म्हणतात आणि या खेळाचा प्राणच तो आहे. अंकलच्या बाबतीत हा प्राण पहिल्या मिनिटालाच जात असे. हातात एक्के आले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. मग ते एकदम पाहुणचाराला लागत. "चहा घेणार का कोणी?" असं विचारत. राजांची जोडी आली तर चहाबरोबर केकचीही चौकशी होई. पत्ते वाईट आले की त्यांना एसीचा आवाज टोचायला लागे आणि ते रिमोट शोधत. इंजिनियर तर अंकलच्या पत्त्यांवर नजर ठेवायच्या ऐवजी किटलीवर ठेवून बसत. "अंकल चहाचं इचारायला लागले," ते म्हणत, "पाव्हणं, पत्ते टाका खाली." आम्ही तिघेही निमूट पत्ते टाकत असू आणि अंकल हातात दोन एक्के धरून तीन-चार वालांचे धनी होत. मला हरायला आवडत नाही हे आधीच सांगून टाकतो. चिडचिड होते माझी. पण अंकलसमोर हरणं जमवायचं म्हटलं तरी जमत नसे.

तुम्ही म्हणाल, मग या गृहस्थाने रमी खेळावी, पाच-तीन-दोन खेळावं, हा नसता उद्योग कशाला? हे मी त्यांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "अरे, आयुष्यभर मी सेफ्टी मॅन्युअल वाचलं. वाऱ्याचा वेग इतका झाला की क्रेन बंद, उन्हाचा पारा इतका झाला की माणसं सावलीत. एक तरी गोष्ट अशी असू दे, जिच्यात लिमिट नाही." आणि लिमिट नाही म्हणून मिळालेल्या या स्वातंत्र्यावर त्यांनी स्वतःच एवढे नियम लादले होते की विचारता सोय नाही. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान सुरू झाली की डाव तिथेच थांबायचा, मग कोणाच्या हातात चार गुलाम असोत. पत्त्यांवर वाफाळता कप आणायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की आपल्या पत्त्यांबद्दल तोंडाने खोटं बोलायचं नाही. ढीग मधे सारून समोरच्याला फसवलंत तर तो खेळ. पण "माझ्याकडे राणी आहे" असं म्हणालात आणि राणी नसली, तर ते खोटं. हा भेद त्यांनी स्वतः काढलेला नव्हता. त्यासाठी ते थेट कन्फेशनला जाऊन आले होते. फादरनी म्हणे शांतपणे विचारलं, पैसे लावता का? नाही, वाल लावतो. जिंकता का? नाही फादर, दर शुक्रवारी हरतो. "मग तुमचं प्रायश्चित्त चालूच आहे," असं म्हणून फादरनी त्यांना परत पाठवलं. तोंडाने मात्र खोटं बोलू नका, एवढं बजावलं. अंकलनी ते क्लबाच्या घटनेत घातलं.

पत्ते प्लास्टिकचे होते आणि दर गुरुवारी अंकल ते भांडी घासायच्या साबणाने धूत. बावन्नच्या बावन्न पानं एकेक करून. मग टॉवेलवर पसरून, पुसून, वर टाल्कम पावडरचा हात फिरवत. आमच्या बोटांना शुक्रवारभर न्हाऊन आल्यासारखा वास येई. एका गुरुवारी त्यांना काय सुचलं कोण जाणे, पानं वाळत घातली बाल्कनीत, आणि तासाभरात धुळीचं वादळ आलं. अंकल, मी आणि वॉचमन मिळून खाली गाड्यांखाली पालथे पडून पानं गोळा केली. एक्कावन्न मिळाली. चौकटची राणी गेली ती गेलीच. नवा कॅट विकत आणायला इथे काही कोणी बंदी घातलेली नाही, पण अंकलचं म्हणणं, एका पानासाठी एक्कावन्न चांगली पानं टाकायची का? त्यांनी जोकरवर मार्करने "राणी" असं लिहिलं. साहजिकच पाठीमागून ते पान पांढरंफटक आणि बाकीची धुण्याने पिवळसर. राणी कोणाकडे आहे हे टेबलावर सगळ्यांना दिसे. सहा महिने आम्ही त्या राणीशी खेळलो आणि त्या सहा महिन्यांत ती निम्म्या वेळा अंकलकडेच यायची.

अंकल आधी दोह्याच्या जुन्या बंदरात आणि मग हमद पोर्टवर कंटेनर यार्डाचं नियोजन बघत. कोणता कंटेनर कोणत्या थरात, कशावर, हे ठरवायचं काम. जो आधी जाणार तो वर, जो उशिरा जाणार तो खाली, जड खाली, हलका वर. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना याच हिशेबाने दिसे. त्यांच्या दारात आमच्या चपला जाण्याच्या क्रमाने लावलेल्या असत. इंजिनियरांना लांब जायचं म्हणून त्यांचे बूट सगळ्यांत बाहेर. मी खालच्याच मजल्यावरचा म्हणून माझी चप्पल भिंतीकडे, आतल्या रांगेत, आणि मला मधेच सिगारेटसाठी उठायचं झालं की दोन जोड हलवावे लागत आणि अंकल मला रागावत. फ्रिजमध्ये डबे खाण्याच्या वारांप्रमाणे रचलेले. बिल्डिंगमधलं कोणी भारतात निघालं की बॅगा भरायला अंकलनाच बोलावणं जाई. काटा त्यांना लागत नसे. बॅग एका हाताने उचलून, डोळे मिटून ते सांगत, "दोन किलो जास्त आहे. सासूबाईंचा मिक्सर काढा." एकदा माझ्या बॅगा भरताना ते मधेच जमिनीवर बसले. माझ्या लेकीची जुनी खेळणी एका कोपऱ्यात दाबून बसवत होते. म्हणाले, "इथलं मला सगळं रचता येतं बघ. पण घरी जाऊन मी काय करणार? तिथलं सगळं माझ्याशिवाय रचून झालंय. बायकोचं, पोरीच्या संसाराचं, चर्चच्या लोकांचं. आता मधे मला ठेवायचं म्हटलं तर कुठे ठेवणार?" मग ते पुन्हा कामाला लागले. मी पुढची बॅग त्यांच्याकडे सरकवली.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि तिच्यात मीही सामील होतो हे लपवत नाही. शुक्रवारी बरोबर चार वाजता आंटींचा वसईहून फोन येत असे. खेळ थांबे. अंकल खुर्चीतच बसून, आमच्यासमोरच बोलत. ते त्यांच्या वसईच्या बोलीत बोलत, त्यातलं निम्मं मला कळत नसे. पण दर फोनमध्ये एक वाक्य ठरलेलं असे आणि ते मला स्वच्छ कळे. कंपनी सोडत नाही. आंटी तिकडून विचारत असणार, कधी येताय कायमचे. आणि हे म्हणत, यायचं तर आहेच, पण काय करणार, कंपनी सोडत नाही, पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला. अंकलची साठी उलटून गेली होती. त्यांच्या कंपनीचा नियम असा, की साठीनंतर माणसाने घरी जावं आणि राहायचं असेल तर दर वर्षी मार्चमध्ये स्वतः अर्ज करावा. तो अर्ज इंग्रजीत मी टाईप करत असे. "या संस्थेची सेवा करण्याची आणखी एक वर्ष संधी मिळावी, ही नम्र विनंती," असं मी पहिल्या वर्षी लिहिलं, दुसऱ्या वर्षी "नम्र"च्या जागी "अत्यंत नम्र" लिहिलं, तिसऱ्या वर्षी अंकलच्या सांगण्यावरून त्यांच्या तब्येतीबद्दल एक परिच्छेद जोडला. ज्या माणसाला टेबलावर राणी नसताना राणी आहे म्हणता येत नव्हतं, तो माणूस दर शुक्रवारी चार वाजता, कान जराही लाल न होता, बायकोला हे सांगत होता. सिस्टर त्या वेळी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायची. इंजिनियर वाल मोजत बसायचे. मी छताकडे बघायचो.

या वर्षी फेब्रुवारीत आंटी स्वतःच आल्या. व्हिजिट व्हिसावर, एक महिन्यासाठी. अंकलनी घर आवरायला आठ दिवस आधीपासून सुरुवात केली होती आणि आवरण्यासारखं काही नसल्यामुळे ते आठ दिवस सगळ्या वस्तू इकडच्या तिकडे करत होते. आंटी म्हणजे बारीक चणीच्या, चष्मा लावणाऱ्या, मराठी शाळेत तेहेतीस वर्षं शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाई. आमच्याशी त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलत. अंकलनी घाबरत घाबरत त्यांना क्लब दाखवला. त्यांनी हिरव्या चादरीवरच्या ढिगाकडे बघितलं, एक वाल उचलला, नखाने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हे मी तुम्हाला खायला पाठवत होते." अंकल म्हणाले, "एकदा खाल्ले." बाई पहिल्या शुक्रवारी नुसत्या बाजूला बसून स्वेटर विणत बघत राहिल्या. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली आणि अजान होईपर्यंत आम्हा चौघांनाही धुऊन काढलं. सिस्टरलासुद्धा, जिचा चेहरा कसलाही रिपोर्ट वाचताना हलत नाही. इंजिनियरांनी हात जोडले. "आंटी, कुठं शिकला वो?" आंटी म्हणाल्या, "समोर पन्नास मुलं असायची. गृहपाठ कोणी केला नाही, हे वही उघडायच्या आधी कळावं लागतं."

तिसऱ्या आठवड्यात कंपनीची मेल आली. मुदतवाढ हवी असल्यास अर्ज रविवारपर्यंत पाठवावा. अंकलनी शुक्रवारी मला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ते पत्र तयार ठेव. गेल्या वर्षीचंच. तारीख बदल." मला का कोण जाणे, राग आला. मी म्हणालो, "अंकल, बाहेर आंटी बसल्यात. त्यांना सांगा तरी की अर्ज तुम्ही करता म्हणून." ते म्हणाले, "सांगतो." मी विचारलं, "कधी?" ते म्हणाले, "इन्शाल्ला." हा शब्द इथले लोक मनापासून वापरतात, पण अंकल तो करायच्या नसलेल्या कामांसाठी राखून ठेवत. आम्ही दोघे केकची बशी घेऊन बाहेर आलो. आंटी पत्ते पिसत होत्या.

त्या दिवशीचा शेवटचा डाव मला पानापानाने आठवतो. उन्हं उतरली होती, अजानला फार वेळ नव्हता. मधल्या पाच पानांत एक राजा होता, बाकी फुटकळ. मी पत्ते टाकले, सिस्टरने टाकले, इंजिनियरांनी टाकले. राहिले अंकल आणि आंटी, टेबलाच्या दोन टोकांना. त्या दिवशी अंकलजवळ नशिबाने चांगला ढीग साठला होता, राजमाच वीस-पंचवीस असतील. त्यांनी एकदा आपले पत्ते पाहिले आणि दोन्ही हातांनी सगळा ढीग मधे सारला. आम्ही सवयीने किटलीकडे बघितलं. पण चहाची विचारणा झाली नाही. एसीचा आवाज टोचला नाही. कान होते तसेच होते. अंकल खुर्चीला टेकून आरामात बसले होते आणि मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. बायकोकडे बघून ते म्हणाले, "माझ्याकडे पान आहे. तू उगाच पडू नकोस. ऐक माझं."

आंटींनी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी आपले दोन पत्ते उघडे करून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मी सोडले." ते दोन राजे होते. मधला धरून तीन. इंजिनियरांच्या तोंडून "आयला" निघालं आणि त्यांनी लगेच जीभ चावली. अंकलना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी आपले पत्ते उलटले. किलवरची सत्ती आणि बदामची दुर्री. या खेळात त्याहून टाकाऊ हात नाही. अंकल उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "ब्लफ," ते म्हणाले. "सिस्टर, बघितलंस? मी ब्लफ केला. तीन राजांना बसवलं." त्यांचा चेहरा इतका फुलला होता की आम्ही तिघांनीही खरोखरच टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं दर शुक्रवारी हरणाऱ्या माणसाला शेवटी खेळ जमला होता.

सिस्टरला राहवलं नाही. "पण आंटी, तीन किंग असताना फोल्ड कोण करतं? तुम्हाला कळलं नाही, अंकलकडे काहीच नाही ते?"

"कळलं की," आंटी म्हणाल्या.

"कशावरून?"

"आवाजावरून. हा आवाज मी दर शुक्रवारी ऐकते."

आंटी उठून कप गोळा करायला लागल्या होत्या. एकात एक कप ठेवता ठेवता, वर्गात शांतपणे समजावून सांगावं तशा स्वरात त्या सिस्टरला म्हणाल्या, "कंपनी माणसाला एवढं धरून ठेवत नाही, बाळा. मी शाळेला तेहेतीस वर्षं दिली. शेवटच्या दिवशी शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला आणि सोमवारी माझ्या वर्गावर दुसरी बाई होती. यांना कोणी धरून ठेवलेलं नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं."

सिस्टरने अगदी हळू विचारलं, "मग तुम्ही पत्ते का टाकता?"

"इतकं जीव तोडून सांगत असतात," आंटी म्हणाल्या. "उघडं कसं पाडायचं?" आणि कप घेऊन त्या आत गेल्या. तेवढ्यात अजान सुरू झाली. नियमाप्रमाणे खेळ संपला होता. आम्ही चपला घातल्या, त्या दिवशी कोणत्याही क्रमाने. अंकल टेबलाशीच बसून होते. जिंकलेला सगळा ढीग त्यांच्यासमोर पडला होता आणि त्यांनी तो जवळ ओढला नव्हता.

शनिवारी सकाळी ते आमच्याकडे आले. माझ्या बायकोने चहा ठेवला, त्यांनी नको म्हटलं नाही, हवा म्हटलं नाही. मी लॅपटॉप उघडला. जुनं पत्र समोर होतं, तारीख बदलून. अंकल म्हणाले, "ते राहू दे. दुसरं लिही." मी विचारलं, काय लिहू? ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "लिही की मला घरी जायचं आहे." मी चांगलं तीन परिच्छेदांचं पत्र तयार केलं. संस्थेचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, सत्तावीस वर्षांच्या आठवणी. त्यांनी ते वाचलं आणि एक ओळ सोडून बाकी सगळं काढायला लावलं. मग मला म्हणाले, "रात्री मी तिला विचारलं. म्हटलं, घरात मला ठेवशील कुठे? सगळ्या जागा भरल्यात. ती म्हणाली, मी शाळेतून घरी बसले, तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. तेव्हा घरात विचारायलासुद्धा कोणी नव्हतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. माझ्या हातून दाबून घेतलं नाही.

मे महिन्यात ते गेले. विमानतळावर सोडायला आम्ही तिघेही होतो. आता क्लब इंजिनियरांच्या घरी, अल खोरला, महिन्यातून एकदा भरतो. अंकलच्या जागी एक तरुण मुलगा येतो, इथे बँकेत आहे, पुण्याचा. फार हुशार खेळतो. हातात एक्के असोत की दुर्री, पोराची पापणी हलत नाही. खेळाचा दर्जा एकदम वाढला आहे. मला मात्र हल्ली घड्याळाकडे बघायची सवय लागली आहे, आणि इंजिनियर परवा पत्ते वाटता वाटता म्हणाले, "काय मजा न्हाई राव. कोणाला काय झालंय तेच कळत न्हाई."

मागच्या बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो, सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा अंकलचा फोन आला. इकडची हवा, बिल्डिंग, माझी लेक, केरळच्या अंकलचं पार्किंग, सगळी चौकशी झाली. मग मी विचारलं, "तुम्ही कसे आहात?" आणि विचारून कान टवकारून बसलो. ठीक आहे, मजेत आहे, असं ते म्हणणार आणि कोणत्या आवाजात म्हणणार, हे मला ऐकायचं होतं. अंकल म्हणाले, "खरं सांगू का? करमत नाही रे. पाचला जाग येते आणि कुठे जायचंच नसतं. काल सबंध दुपार रडू येत होतं." मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मला वाटलं, हे ते बाहेर कुठेतरी, झाडाखाली बिडाखाली उभे राहून, आंटींच्या मागे बोलत असतील. मी हळूच विचारलं, "आंटी कुठे आहेत?"

"ही काय," अंकल म्हणाले, "शेजारीच बसलीये. तिला कालच सांगितलं."